सिॲटल ते केचिकन: सुट्टी आपली, वेळ पाण्याची

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडची बरीच मंडळी आता सिॲटल-व्हँकुव्हरला नोकरीला आहेत. त्यांतला कुणीतरी जुनी ट्रॉलर बोट घेतो, ग्रुपवर फोटो टाकतो आणि "जुलैत या, अलास्काला जाऊ" असं आवतण देतो. इकडची मंडळी तिकिटं काढून मोकळी होतात. मग विचारणा सुरू होते: किती दिवस लागतील, पोहता आलंच पाहिजे का, सोबत काय घ्यायचं? हा लेख त्या विचारणाऱ्यांसाठी आहे आणि आवतण देणाऱ्यासाठीही.

आधी वाट समजून घ्या. इनसाइड पॅसेज म्हणजे अमेरिकेतल्या प्युजेट साउंडपासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचा किनारा धरून अलास्काच्या आग्नेय भागात शिरणारी सामुद्रधुन्या-खाड्यांची वाट. पश्चिमेला बेटांची रांग असल्यानं महासागराच्या लाटा बहुतेक ठिकाणी आत पोचत नाहीत, म्हणूनच छोट्या बोटीनं हा प्रवास करता येतो. सिॲटल ते अलास्कातलं केचिकन 600 ते 650 सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर, आणि ताशी एक सागरी मैल म्हणजे एक नॉट.

ट्रॉलरसारखी पाणी कापत चालणारी बोट किती पळेल हे इंजिनापेक्षा तिची पाण्याला टेकलेली लांबी ठरवते. त्या लांबीचं फुटांतलं वर्गमूळ काढून 1.34 नं गुणायचं. 33 फूट असेल तर साडेसात नॉटच्या थोडं वर. त्यापुढे थ्रॉटल ढकलला की डिझेल दुप्पट जातं आणि वेग जेमतेम वाढतो. म्हणून हिशेब 7 नॉटचा धरा: 650 मैलांना सुमारे 93 तास. ताशी 8 ते 10 लिटर डिझेल धरलं तर एका बाजूला 750 ते 950 लिटर, हीटर आणि जनरेटरचं वेगळं. कॅम्पबेल रिव्हर, पोर्ट हार्डी, शिअरवॉटर, प्रिन्स रूपर्ट इथं डिझेल मिळतं, पण मधल्या टप्प्यासाठी टाकीतला एक तृतीयांश साठा कायम शिल्लक ठेवायचा.

दिवसाला सहा तास चालायचं म्हटलं तर 93 तासांना सोळा दिवस. त्यात धुकं, वारा आणि भरतीसाठी थांबायचे दिवस म्हणून एक तृतीयांश मिळवा. म्हणजे तीन आठवड्यांच्या रजेत एकच बाजू होते. येऊन-जाऊन करायचं असेल तर प्रिन्स रूपर्टला किंवा केचिकनला विमानतळ आहे, तिथं माणसं बदला. जाताना एक तुकडी, येताना दुसरी. आणि परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. या वाटेवरचे बरेचसे वाईट प्रसंग वादळानं ओढवत नाहीत. सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं असतं म्हणून रविवारी नको त्या पाण्यात बोट घातली जाते, तिथं ओढवतात. आपल्याकडे कालव्याचं आवर्तन सुटलं की रात्री दोनला उठून दारं धरायला जावं लागतं, पाणी कुणाच्या झोपेसाठी थांबत नाही. इथंही तसंच आहे.

सेमूर नॅरोज

कॅम्पबेल रिव्हरच्या उत्तरेला सुमारे 7 मैलांवर ही चिंचोळी खिंड आहे. भर प्रवाहात इथं पाणी ताशी 15 नॉटपर्यंत धावतं, म्हणजे 28 किलोमीटर. खिंडीच्या मधोमध रिपल रॉक नावाचा बुडालेला खडक होता. त्यानं अनेक जहाजं आणि शंभराहून जास्त माणसं घेतली. शेवटी 5 एप्रिल 1958 ला शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखालून बोगदा काढून तो सुरुंगानं उडवला. खडक गेला, प्रवाह आहे तसाच आहे. 7 नॉटच्या बोटीला तिथून जायचा एकच मार्ग: स्लॅक, म्हणजे प्रवाह थांबून दिशा बदलतो ती वेळ. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ही वेळ दहा-पंधरा मिनिटांचीच असते.

इथं नवखा माणूस हमखास एक चूक करतो. तो भरतीची वेळ बघतो आणि त्यालाच स्लॅक समजतो. पाणी सर्वांत उंच असण्याची वेळ आणि प्रवाह थांबण्याची वेळ या खिंडींत एक नसते, फरक तासांचाही असू शकतो. भरतीचा तक्ता वेगळा आणि प्रवाहाचा तक्ता वेगळा. तुम्हाला प्रवाहाचा हवा, तोही सेमूर नॅरोजच्या नावाचा. तक्त्यातली वेळ प्रमाण वेळ आहे की उन्हाळी वेळ, हे पहिल्या पानावर वाचून घ्या. एका तासाची गफलत म्हणजे भोवऱ्यात बोट. पंचांगातली तिथी पाहून भरती मोठी की छोटी याचा अंदाज येतो, आणि तिथीची सवय आपल्या लोकांना असतेच; पण या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्याही सारख्या नसतात, त्यामुळे निघायची वेळ तक्त्यावरूनच ठरवायची.

सेमूरमध्ये भरतीचा प्रवाह दक्षिणेकडे आणि ओहोटीचा उत्तरेकडे वाहतो. उत्तरेला जाणाऱ्यानं भरती संपतानाचा स्लॅक पकडायचा. कॅम्पबेल रिव्हरहून स्लॅकच्या दीड तास आधी निघा. वाटेत मंदावत चाललेला प्रवाह समोरून लागतो, तरी खिंडीशी वेळेवर पोचता. थोडं लवकर पोचलात तर दक्षिण बाजूला, प्रवाहाच्या ओढीपासून लांब, बोट हळू फिरवत थांबा. पार झालात की ओहोटी पाठीशी येते आणि 7 नॉटची बोट जमिनीच्या हिशेबानं 9-10 नॉटनं चालते.

हीच ओहोटी पुढं जॉनस्टोन सामुद्रधुनीत अंगावर येते. उन्हाळ्यात हवा चांगली असली की तिथं दुपारी वायव्येचा वारा उठतो, कित्येकदा 25-30 नॉटचा. ओहोटी वायव्येकडे जाते, वारा वायव्येकडून येतो. प्रवाहाविरुद्ध वारा आला की लाटा उंच होतातच, शिवाय जवळजवळ आणि उभ्या होतात. दीड मीटरची अशी लाट बोटीतली भांडी-माणसं एक करते. यावर उपाय म्हणजे पहाटेचा स्लॅक पकडणं आणि अकरा-बाराच्या आत आडोशाची खाडी गाठणं. पहाटेचा स्लॅक जमत नसेल तर त्या दिवशी मुक्काम. लाट कशी तयार होते हे घरच्या घरी बघायचं असेल तर मे महिन्यात दुपारी पैठणला नाथसागराच्या काठी जाऊन उभे राहा: वाऱ्याला कित्येक किलोमीटर मोकळं पाणी मिळालं की धरणातही कशा लाटा उठतात ते दिसेल. बोट मात्र तिथं परवानगीशिवाय घालू नका, ते पक्षी अभयारण्य आहे.

केप कॉशन

पोर्ट हार्डी सोडलं की केप कॉशन या भूशिराच्या बाजूनं सुमारे 40 मैल बेटांचा आडोसा नसतो, प्रशांत महासागर थेट डावीकडून येतो. अंदाज नुसता 'वारा किती' एवढाच वाचू नका. लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद एकत्र वाचा. 2 मीटरची लाट 11 सेकंदांनी येत असेल तर बोट निवांत वर-खाली होते. 1 मीटरची 4 सेकंदांनी येत असेल तर दिवसभर हाल. वेस्ट सी ऑटर या तरंगत्या बोयाचे आकडे आणि पाइन आयलंड, एग आयलंड या दीपगृहांवरच्या माणसांनी दिलेली हवेची खबर व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, हवामान चॅनलवर ऐकायला मिळते. अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे जुळत असतील तर पहाटे निघा. जुळत नसतील तर प्रत्यक्ष आकड्यांवर विश्वास ठेवा. स्लिंग्सबी चॅनलच्या तोंडापासून ओहोटीच्या वेळी लांब राहायचं, कारण आतलं पाणी जोरात बाहेर येतं आणि महासागराच्या लाटेवर आदळतं. दुसरा असाच उघडा टप्पा प्रिन्स रूपर्टच्या पुढं डिक्सन एन्ट्रन्सचा. नियम तेच.

निघायचं की नाही हे कप्तान ठरवतो, पण बोटीवरच्या एकानंही 'आज नको' म्हटलं तर निघायचं नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या. मित्रांमध्ये भिडेखातर गप्प बसणारा एक तरी असतो.

नांगर

रोजचा मुक्काम बहुतेक वेळा नांगरावरच असतो, आणि नवख्यांची झोप इथंच उडते. प्रिन्स रूपर्टच्या भागात मोठ्या भरतीला पाणी 7 मीटरपर्यंत चढतं. समजा नांगर टाकताना खोली 12 मीटर दिसली आणि पाणी अजून 5 मीटर चढणार आहे. पाण्यापासून बोटीच्या नाकापर्यंत आणखी दीड मीटर. एकूण साडेअठरा. साखळी याच्या चौपट सोडायची म्हणजे 74 मीटर, वारा असेल तर पाचपट म्हणजे 92. 12 ला चारनं गुणून 48 मीटर सोडणारा रात्री दोनला खडकाकडे सरकत असतो. 8 मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण 1.4 किलो भरते. 100 मीटरची 140 किलो झाली, म्हणून विंडलासची, म्हणजे साखळी वर ओढणाऱ्या यंत्राची, मोटर आणि तिचा ब्रेकर निघण्याआधी तपासा.

नांगर तळाला टेकला की बोट मागं जाऊ देत साखळी सोडा, ढीग करू नका. पूर्ण सोडल्यावर रिव्हर्स गियर हळूहळू वाढवा आणि काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून बघा. रेष हलली नाही तर नांगर बसला. हात साखळीवर ठेवला की घसरणारा नांगर खरखरतो, बसलेला नुसता ताणतो. खाडी अरुंद असेल तर गोल फिरायला जागा नसते, तेव्हा मागून एक लांब दोर काठावरच्या झाडाला फिरवून परत बोटीवर आणायचा. त्यासाठी 150 मीटरचा तरंगणारा दोर हवा.

भरती सारख्या वेगानं चढत नाही. सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. चढ 6 मीटर असेल तर तिसऱ्या तासात एकट्यात दीड मीटर. डिंगी, म्हणजे काठावर जायची छोटी होडी, वाळूवर ओढून तासभर फिरायला गेलात तर परत येईस्तोवर ती तरंगून गेलेली असते, किंवा ओहोटी असेल तर पाण्यापासून तीस पावलं लांब पडलेली असते. डिंगीचा दोर भरतीच्या रेषेच्या वर, झाडालाच बांधायचा. काठावर अस्वलं असतात. मोठ्यानं बोलत चाला, खाण्याचं काही खिशात ठेवू नका.

नकाशा वाचताना एकक बघा. कॅनडाचे बहुतेक चार्ट मीटरमध्ये आहेत, अमेरिकेचे जुने कागदी चार्ट फॅदम किंवा फुटांत. एक फॅदम 1.83 मीटर. सीमा ओलांडली की चार्टप्लॉटरवरचा (बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावरचा) आकडा आणि कागदावरचा आकडा एकाच एककात आहेत ना, हे कप्तानासोबत आणखी एकानं तपासावं.

थंड पाणी

विहिरीत सूर मारत वाढलेल्या माणसाला आपण उत्तम पोहतो असं वाटतं, आणि ते खरंही असतं, आपल्या विहिरीत. इथलं पाणी उन्हाळ्यातही बऱ्याच ठिकाणी 8 ते 12 अंशांचं. त्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धाप लागते आणि आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर तिथंच संपलं. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, मग बोटं दोरही धरू शकत नाहीत. शुद्ध हरपायला मात्र साधारण तास लागतो. म्हणजे जीव वाचवतं ते पोहणं नव्हे, लाइफजॅकेट. आणि तेही अंगात घातलेलं. डेकवर पाऊल ठेवताना ते अंगात असलंच पाहिजे. फुगणारं असेल तर आतला गॅसचा सिलिंडर घट्ट बसलाय का आणि मुदत संपली नाही ना, हे आधी बघा.

माणूस पडला तर: ओरडा, हाताशी येईल ते तरंगणारं फेका, एकानं हाताचं बोट त्याच्याकडे रोखून नजर त्याच्यावरून हलवायची नाही, प्लॉटरवर एमओबी (माणूस पाण्यात) बटण दाबा, वळून वाऱ्याच्या बाजूनं जवळ या आणि माणूस जवळ येताच गियर न्यूट्रलला. मग खरी अडचण सुरू होते. भिजलेला, गारठलेला ऐंशी किलोचा माणूस दोघांना वर ओढता येत नाही. शिडी खोल पाण्यापर्यंत जाते का, कप्पी-दोर कुठं अडकवायचा, हे पहिल्या दिवशी धक्क्याला बांधलेल्या बोटीवर करून बघा. कप्तानच पडला तर इंजिन कोण थांबवणार, व्हीएचएफवर 16 नंबरच्या चॅनलवर तीनदा मेडे (संकटाची हाक), बोटीचं नाव, ठिकाण, काय झालं, किती माणसं, हे कोण बोलणार, ते प्रत्येकाला यायला हवं.

थंडीमुळे हीटर रात्रभर चालतो, दारं-खिडक्या बंद असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीत हवा. एलपीजी किंवा प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचतो. स्वयंपाक झाला की सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, रोज.

इंजिन

शेतातलं डिझेल इंजिन किंवा ट्रॅक्टर हाताळलेला माणूस सोबत असेल तर त्याला आग्रहानं न्या. एअर धरली की फिल्टरपासून नोझलपर्यंत ती कशी काढायची हे त्याला सांगावं लागत नाही. दोन फिल्टर असतात, आधी 10 किंवा 30 मायक्रॉनचा, मग 2 मायक्रॉनचा. लाटांमध्ये टाकीचा तळ ढवळला जातो आणि वर्षानुवर्षांचा गाळ पहिल्या फिल्टरवर येतो, त्यामुळे इंजिन नेमकं खराब पाण्यात बंद पडतं. पहिल्या फिल्टरचे सहा, दुसऱ्याचे तीन सुटे ठेवा, आणि काचेच्या भांड्यात खाली पाणी दिसलं तर रोज सकाळी काढा.

समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी इम्पेलर असतो. समुद्री शेवाळ किंवा जेलीफिशनं जाळी तुंबली की पंप कोरडा फिरतो आणि मिनिट-दोन मिनिटांत इम्पेलरच्या पाकळ्या तुटतात. नवा बसवण्याआधी जुन्याच्या तुटलेल्या पाकळ्या मोजा. सहापैकी दोन गायब असतील तर त्या पुढं हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेल्या असतात, आणि त्या काढल्या नाहीत तर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापतच राहील. चालू इंजिनात एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का, हे दर अर्ध्या तासानं मागं वाकून बघायचं. सुटे दोन इम्पेलर, त्याचं गॅस्केट, एक पट्टा, होजचे क्लॅम्प, एवढं तरी हवंच.

रात्री चालायचं नाही. लाकूडतोडीतून सुटलेले ओंडके पाण्यात तरंगतात, काही उभे राहून फक्त टोक वर ठेवतात, आणि रडारवर दिसत नाहीत. ऑगस्टमध्ये सकाळचं धुकं फार असतं, रडार नसलेल्या बोटीनं जून-जुलैच निवडावा. जूनमध्ये केचिकनला सतरा तासांवर उजेड असतो, घाई करायचं कारणच नाही.

कागद

भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेचा आणि कॅनडाचा, दोन्ही व्हिसा लागतात, आणि अमेरिकेचा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण सिॲटलहून कॅनडात जाऊन केचिकनला तुम्ही पुन्हा अमेरिकेत शिरता. तिथं नोकरी करणाऱ्या मित्रानंही स्वतःच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का मुदतीत आहे का, हे वकिलाला विचारून घ्यावं. कॅनडात ठरलेल्या बंदरात लागून कप्तान फोन करतो आणि क्रमांक मिळेपर्यंत बाकी कुणी धक्क्यावर उतरायचं नाही. केचिकनलाही पोचताच कळवायचं. अधिकारी आय-94 साठी, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीसाठी, प्रत्यक्ष बोलावू शकतात, अर्धा दिवस राखून ठेवा. बोटीच्या विम्यात उत्तरेची मर्यादा लिहिलेली असते, ती वाढवून घ्यावी लागते. डिझेलचा खर्च आपखुशीनं वाटून घेणं चालतं. 'इतके डॉलर दिले तरच बोटीवर या' असं ठरवलं तर ती भाड्याची फेरी होते आणि कप्तानाला परवाना लागतो. पुढं अलास्कातल्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात जायचं असेल तर 1 जून ते 31 ऑगस्ट परवाना आधी काढावा लागतो, एका वेळी 25 खासगी बोटींनाच मिळतो.

खाणंपिणं

400 लिटरची टाकी आणि पाच माणसं, माणशी रोज 12 लिटर धरले तर साडेसहा दिवस. 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरच्या माणसाला हा हिशेब शिकवावा लागत नाही, टाकीची जबाबदारी त्याच्याकडेच द्या. प्रेशर कुकर न्याच. गॅस वाचतो आणि आत वाफ कमी झाल्यानं बिछाने ओले होत नाहीत. केचिकनला वर्षाला साडेतीन मीटरच्या वर पाऊस पडतो, बोटीत काहीच वाळत नाही. येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, ज्वारीचं पीठ इकडून बंद पाकिटात नेता येतं. कढीपत्ता, ताजी फळं, बिया नेऊ नका, विमानतळावरच काढून घेतात. येसराची आमटी आणि भात ओल्या दिवशी दहा मिनिटांत होतो, आणि लाटा असताना पोटाला तेच मानवतं. पहिल्या दोन दिवसांचे धपाटे आधीच करून ठेवा, हलत्या बोटीत तवा धरणं जमायला वेळ लागतो. लाटा लागतात त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग होत नाही.

काठावरचे शिंपले-कालवं मोहानं गोळा करू नका. त्यात लकवा आणणारं विष असू शकतं, ते शिजवूनही जात नाही. कुठला भाग बंद आहे हे सरकारी यादीत रोज बघता येतं.

पोर्ट हार्डीच्या पुढं मोबाइलला रेंज फक्त गावांपाशी. त्यामुळे घरी रोज ठिकाण कळवायला बरेच जण इनरीचसारखं उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र घेतात, आणि घ्यावंच. पण ते बोटवाल्या मित्राच्या नावावर घ्या आणि त्याच्याकडेच ठेवा. भारतात अशी यंत्रं दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, परतीच्या बॅगेत ते सापडलं तर अटकही होऊ शकते.